चौथी सीट

माझी निरोपाची ओटी ऑफिसात भरली गेली नाही, ती डब्यात भरली गेली. डोंबिवलीहून सकाळची ८.०९ ची फास्ट लोकल, मधला लेडीज डबा. ठाण्याची गर्दी चढायच्या आत खण-नारळ उरकून घेतलं, कारण ठाण्यानंतर हात वर करायलाही जागा नसते. घाटकोपरला उतरणाऱ्या दोघींनी उतरायच्या घाईतच रडून घेतलं. दादरपर्यंत पेढे वाटून झाले. एक पेढा ओळखपाळख नसलेल्या एका कॉलेजच्या मुलीच्या हातावरही पडला. एकोणतीस वर्षं त्या डब्यात मी मटार सोलले, गवार निवडली, दोघींची डोहाळजेवणं केली, दसऱ्याला खिडक्यांना झेंडूच्या माळा बांधल्या. त्याच दिवशी ऑफिसातल्या समारंभात साहेबांनी माझं आडनाव चुकीचं उच्चारलं, आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही.

महिनाअखेरीला पास संपला. पुढच्या तीन महिन्यांत काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच झालं नाही. डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या आठवड्यात 'मिस यू' आलं, मग सणांच्या शुभेच्छा, मग उशिरा धावणाऱ्या गाड्यांचे निरोप, जे आता मला कशाला हवे होते? एका मंगळवारी सकाळी अकराला मी एकीला सहज फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. तिने संध्याकाळी उलट फोन केला तेव्हा माझी आमटी उतू चालली होती. 'भेटू गं नक्की' असं दोघींनी म्हटलं. चूक तिची नव्हती, माझीही नव्हती. माझ्या जागेवर दुसरी कुणी बसली होती, आणि लोकलमध्ये जागा रिकामी ठेवायची पद्धत नाही.

चोपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेताना पैशाचा हिशोब सगळ्यांनी करून दिला होता. माणसांचा हिशोब कुणीच केला नव्हता. मग आपण म्हणायला लागतो की आता या वयात कुठे नवी मैत्री, आपला स्वभावच तसा नाही, पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत. मला हे पटत नाही. स्वभाव तोच आहे, माणसंही तीच आहेत. मोडलंय ते वेळापत्रक. मैत्री आपण आपल्या गुणांवर जमवली असं आपल्याला वाटत असतं. बहुतेक वेळा ती शाळेच्या बाकाने, चाळीच्या गॅलरीने आणि ८.०९ ने जमवलेली असते. पन्नाशीत एकेक करून हे सगळे मध्यस्थ निघून जातात. मुलं शाळेतून सुटली की शाळेच्या फाटकावरच्या आयाही सुटतात. चाळ पाडून टॉवर झाला की गॅलरी जाते आणि लिफ्ट येते, आणि लिफ्टमध्ये सगळे आकडे बघत उभे असतात.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीच्या तासांचा हिशोबच मांडला. नव्या गावी राहायला आलेल्या प्रौढांना आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं की अमुक माणसाबरोबर तुमचे किती तास गेले आणि आता तो तुमचा कोण लागतो. उत्तर साधारण असं आलं: ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला पन्नासेक तास, मित्र म्हणावा असा व्हायला नव्वदेक, जिवाभावाचा व्हायला दोनशेच्या वर. एकत्र काम करण्यात गेलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत, रिकामपणाचे लागतात, असंही त्यांना दिसलं. हे वाचून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सकाळचा एक तास, आठवड्याचे पाच दिवस. पन्नास तास दहा आठवड्यांत, दोनशे तास चाळीस आठवड्यांत. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी एकोणतीस वर्षांत जे जमलं नाही ते डब्यात वर्षाच्या आत का जमलं, ते मला तेव्हा कळलं.

हाच हिशोब पन्नाशीनंतरच्या आयुष्याला लावून बघा. महिन्याची भिशी, दोन तास: वर्षाला चोवीस. दोनशे गाठायला आठ वर्षं, तीही मध्ये कुणी रुसलं नाही तर. सोसायटीचं हळदीकुंकू वर्षातून एकदा, वीस मिनिटं, त्यातली दहा वाण काय दिलं याची. शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर म्हणजे तर एकाच दिवसात चाळीस वर्षांची वसुली. सगळे छान भेटतात, गुरुजींच्या नकला होतात, कुणाचे केस गेले याची मोजदाद होते, आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत सुप्रभात. जुने मित्र नकोत असं मी म्हणत नाही. पण माझी सगळ्यात जुनी मैत्रीण आता पुण्याला बावधनला असते, आणि दातांच्या डॉक्टरकडे सोबत म्हणून बावधनहून कुणी येत नाही.

टूरचं गणित मात्र मला बरेच दिवस सुटेना. सात दिवस, रोजचे चौदा तास: अठ्ठ्याण्णव तास. कागदावर मैत्री व्हायलाच हवी. मी नवऱ्याबरोबर दोन टूर केल्या, मजा आली, खोटं कशाला बोलू. पण बसमध्ये जोडपी जोडप्याने बसतात, जेवणाच्या टेबलावर जोडप्यांचीच जोडपी जमतात, आणि टूर मॅनेजर इतका हसवतो की एकमेकांशी बोलायची वेळच येत नाही. शेवटच्या दिवशी नंबरांची देवाणघेवाण होते. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी एक कोल्हापूरला जातं, एक नागपूरला, एक बोरिवलीला. मैत्रीला 'पुढच्या वेळी' लागतं आणि टूरला पुढची वेळ नसते. तिथे नवीन जागा असते. मैत्रीला जागा जुनी चालते, किंबहुना जुनीच बरी. जागा नवीन असली की माणूस माणसाकडे बघतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पन्नाशीनंतर नव्या मैत्रीसाठी जवळची, स्वस्त, थोडी कंटाळवाणी आणि ठरलेल्या दिवशी होणारी फेरी हवी. माणसं तीच हवीत आणि मूठभर हवीत.

आमचं मंडळ फ्रोझन शोल्डरमुळे निघालं. (त्याला मंडळ म्हणायला माझी हरकत आहे, पण दुसरा शब्द सापडत नाही.) फिजिओथेरपिस्टकडच्या बाकावर आम्ही दोघी उजवा हात धरून बसायचो. तिसरी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. व्यायाम संपले, खांदे सुटले, आणि बाकावरून उठताना वाटलं की आता भेटायला कारण राहिलं नाही. तेव्हा एकीने विचारलं, अंबरनाथचं देऊळ पाहिलंय का? आयुष्य डोंबिवलीत गेलं, अंबरनाथ वीस-पंचवीस मिनिटांवर, आणि तिघींपैकी एकीनेही पाहिलेलं नव्हतं. मुंबईला जाण्यात इतकी वर्षं गेली की गाडी दुसऱ्या दिशेलाही जाते हे विसरायला झालं होतं.

दिवस ठरवणं हीच एक सहल होती. सोमवारी एकीच्या सासऱ्यांचं डायलिसिस. मंगळवारी टिटवाळ्याला जावं तर अंगारकी आली की रांग स्टेशनापर्यंत. गुरुवार सुरुवातीला ठरलाही, पण मार्गशीर्ष लागला आणि चारही गुरुवार महालक्ष्मीच्या घटाने घेतले. शुक्रवारी एकीची भजनं. शेवटी बुधवार. बुधवारी राणीचा बाग बंद असतो, म्हणून तो आमच्या नशिबात नाही. साडेआठला निघायचं, दीडच्या आत घरी, कारण दोघींकडे जेवायला वाट बघणारी माणसं आहेत. चार-साडेचार तास, पाऊस, गुडघे, नातवंडं आणि लग्नसराई वजा जाता वर्षाला पस्तीस फेऱ्या होतात. म्हणजे दीडशेच्या आसपास तास. दीड वर्षात दोनशे. हॉल यांचा हिशोब त्या विद्यार्थ्यांना लागू पडला तसा आम्हाला पडेलच असं नाही. आम्ही हळू चालतो.

जागा म्हणाल तर काहीच विशेष नाही. टिटवाळ्याचा गणपती, कल्याणचा दुर्गाडी, उल्हासनगरला फक्त दाल पकवान खायला, हिवाळ्यात शिवडीला फ्लेमिंगो. दिवा-वसई गाडी पकडून एकदा वसईच्या किल्ल्यात गेलो. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये तो घ्यायला किती महिने झुंज दिली हे आमच्यातली एक सांगत होती आणि बाकीच्या स्वच्छतागृह शोधत होतो. अंबरनाथला आत्तापर्यंत सहा वेळा झालं. 'परत तिथेच?' असं घरी विचारतात. परत तिथेच. सहाव्या वेळी देवळाकडे कमी आणि एकमेकींकडे जास्त बघितलं जातं.

मूठभर म्हणजे किती, हे आमच्यासाठी रिक्षाने ठरवलं. एका रिक्षात तीन. तीन रिक्षा म्हणजे नऊ, त्यापुढे घ्यायचं नाही. चार रिक्षा झाल्या की एक चुकते, मग फोनाफोनी होते, मग कुणीतरी 'समन्वयक' होतं, आणि समन्वयक झाला की बैठक होते. दोन मराठी माणसं जमली की संस्था निघते आणि तिसरा आला की तीत फूट पडते, हा विनोद आपणच आपल्यावर करतो. तीस माणसांचा गट झाला की त्याला अध्यक्ष लागतो, वर्गणी लागते, बॅनर लागतो, आणि एक दिवस समईपाशी नगरसेवक उभे असतात. मी अशा एका गटाच्या वार्षिक सहलीला गेले होते. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या, उतरल्यावर सत्कार, जेवणानंतर आरोग्यावर भाषण. पंचेचाळीस माणसांत मी दिवसभर होते आणि घरी आल्यावर मला एकाही बाईचं नाव आठवेना.

मोठ्या गर्दीत लहान गट कसा करायचा हे खरं तर आपल्याकडे वारीने फार पूर्वी सोडवलेलं आहे. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आळंदीहून निघणारी माणसं लाखांत असतात, पण वारकरी लाखांबरोबर चालत नाही. तो आपल्या दिंडीबरोबर चालतो. दिंडीला नंबर असतो, रथाच्या पुढे की मागे ते ठरलेलं असतं, वीणेकरी ठरलेला असतो, जेवण आणि मुक्काम दिंडीतच. पुढच्या वर्षी पुन्हा तीच दिंडी. पंढरपूरपर्यंतच्या त्या अडीचशे किलोमीटरांत किती तास एकमेकांसोबत जात असतील याचा हिशोब कॅन्ससला पाठवायला हरकत नाही. आणि वारीने दुसरी एक गाठ सोडवलीय, जी आम्हाला फार दिवस सुटली नाही: हाक कशी मारायची. तिथे सगळे माऊली. वय नाही, हुद्दा नाही, आडनाव नाही.

ही हाकेची अडचण बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण मराठीत मैत्री एकेरीत होते. अगं-अरेवर आल्याशिवाय ती मैत्री नाही, ओळख. आणि पन्नाशीनंतर भेटलेल्या माणसाला एकेरीत बोलवायचं कुणी शिकवलेलं नसतं. सगळ्या अहो, ताई, वहिनी, मॅडम. त्यातून बायकांना स्वतःच्या नावाची सवयच गेलेली असते. पहिल्या फेरीत एकीला नाव विचारलं तर ती म्हणाली, 'मी दुसऱ्या मजल्यावरच्या सीएंची मिसेस.' तिच्या मोबाइलमध्येही बायकांची नावं अशीच होती: अमक्याची आई, तमक्याची मावशी, पोळ्यांच्या काकू. तीस वर्षांत तिच्या ओळखी दोनशे झाल्या असतील, पण त्यातली एकही तिची म्हणून नव्हती. मुलांच्या मित्रांच्या आया आणि नवऱ्याच्या मित्रांच्या बायका. आम्ही एकच नियम केला, फक्त नावाने हाक मारायची. ताई लावायचं तर लावा, पण आडनाव नको. यात माझा एक छुपा हेतूही होता. आपल्याकडे आडनाव विचारतात ते आडनावासाठी विचारत नाहीत. आडनावाने काम झालं नाही तर 'मूळचे कुठले तुम्ही?' आणि तेवढ्यानेही नाही झालं तर 'म्हणजे देवक काय?' पन्नाशीनंतरचे किती तरी गट बघता बघता ज्ञातीचे होऊन बसतात, आणि कुणी तसं ठरवलेलंही नसतं. टॉवरच्या फाटकाआतले गट तर आपोआपच एका पगाराचे असतात. रिक्षात कोण कोणाशेजारी बसेल हे ठरवायचं नाही, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ.

पुरुषांचं काय, हा प्रश्न आमच्या नवऱ्यांपैकी कुणी विचारला नाही, आम्हीच विचारला. निवृत्त पुरुष सकाळी चालायला जातात, कट्ट्यावर बसतात, सरकार पाडतात आणि उभं करतात. दहा वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाला मुलं किती हे त्यांना माहीत नसतं, पण त्याने कुणाला मत दिलं ते पाठ असतं. एकमेकांना म्हणायचं काय तर 'साहेब', 'शेठ', फार झालं तर 'राव'. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात पुरुषांसाठी सुतारकामाच्या शेड सुरू झाल्या. त्यांचं एक ब्रीदच आहे की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काहीतरी करताना बोलतात. आपल्याकडे रंधा मारायला शेड नाही, पण चालताना आणि लोकलच्या बाकावर बसताना खांद्याला खांदा लागतोच.

आमच्याकडे दोन पुरुष आले. एक महिन्याभरात गेले, त्यांना आमचं बोलणं 'विषयाला धरून' वाटत नव्हतं. दुसरे राहिले. सरकारी नोकरीतून निवृत्त, व्यवस्थित, अंबरनाथच्या वेळी छापील टिपणांची प्रत प्रत्येकीला. शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणी, भूमिज शैली, नंदीमंडपापासून त्यांनी सुरुवात केली आणि बाहेरच्या भिंतीवरच्या एकेका मूर्तीपाशी आम्हाला उभं केलं. उन्हात. मग गाभाऱ्याशी आलो. तिथला गाभारा जमिनीखाली आहे, वीसेक पायऱ्या खाली उतरायच्या. दगड गुळगुळीत, वरून पडणाऱ्या पाण्याने ओले. ते पहिल्या पायरीवर थांबले. टिपणाची गुंडाळी एका हातात, दुसरा हात भिंत शोधत. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांना 'आपण' म्हणणाऱ्या, त्या मागे वळल्या आणि काही न बोलता हात पुढे केला. त्यांनी तो धरला. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत. खाली पोचेपर्यंत दोघंही बोलले नाहीत. टिपणं पिशवीत गेली ती पुन्हा निघाली नाहीत. नंतर वालधुनीच्या बाजूला बसलो होतो (नदीचा वास सहन होत असेल तर ती जागा चांगली आहे), तेव्हा त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची भीती वाटते असं सांगितलं. समोर बघत, कुणाकडेही न बघता.

यात विषय काढावा लागत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये अंधेरीच्या एका बागेत पाच माणसांना घेऊन हास्यक्लब सुरू केला तेव्हा आधी विनोद सांगून हसायची पद्धत होती. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. मग त्यांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसायचं ठेवलं, आणि ते जगभर गेलं. फेरीचंही तसंच आहे. देऊळ, किल्ला, पक्षी हे विनोदासारखे, सुरुवातीपुरते.

आता हा सगळा खासगी मामला नाही, असं मी का म्हणते? कारण आमच्या बुधवारच्या वाटेत जे जे आडवं येतं ते सार्वजनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो असं म्हटलं. तरुणांचंही प्रमाण त्यात मोठं आहे, हा म्हातारपणाचाच आजार नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. आपल्याकडे मंत्री नकोच. आपल्याकडे मंत्री आला की योजनेला नाव येतं, नावाला अर्ज येतो आणि अर्जाला वयाचा दाखला.

वयाचा दाखला म्हणजे काय ते मी अनुभवलंय. चोपन्न वर्षांची असताना आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात चौकशीला गेले. तिथल्या गृहस्थांनी फार प्रेमाने सांगितलं, 'सहा वर्षांनी या.' साठीला ज्येष्ठ, पासष्टला एसटीत अर्धं तिकीट, २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीला फुकट. पन्नास ते साठ या दहा वर्षांत आपण कुणाच्याच कागदावर नसतो, आणि माणसं सुटतात ती नेमकी याच दहा वर्षांत: मुलं बाहेरगावी जातात, आईवडील जातात किंवा अंथरुणाला खिळतात, नोकरी संपते किंवा संपवली जाते. साठीला संघात दाखल होईपर्यंत एकटं राहायची सवय झालेली असते. गंमत अशी की या वयाच्या बायकांसाठी सर्वांत उपयोगी पडलेली सवलत त्यांच्यासाठी म्हणून काढलेलीच नव्हती. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं. वज्रेश्वरीला आम्ही त्याच तिकिटावर जातो. 'एवढे पैसे कशाला घालवायचे फिरण्यात' हे वाक्य बोलायला घरात कुणाला तोंड राहिलं नाही.

मला महापालिकेने आमच्यासाठी कार्यक्रम घ्यायला नको आहेत. कार्यक्रम म्हटला की व्यासपीठ आलं. मला स्वच्छतागृह हवं आहे, उघडं, पाणी असलेलं, आणि त्याची किल्ली समोरच्या पानवाल्याकडे नसलेलं. मुंबईत बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून यासाठी चळवळ चालवली, लोक नावाला हसले. पन्नाशीच्या बाईची सहल कुठवर जाईल हे तिचे पाय ठरवत नाहीत. आमच्यातली एक सकाळपासून पाणी पीत नाही. विचारलं तर म्हणते उपास आहे. पाठ टेकायला असेल असा बाक हवा; आपल्याकडे बाकाला पाठ ठेवली तर लोक झोपतील अशी भीती असते, आणि देणगीदाराचं नाव मात्र पाठीवर लिहितात. पायऱ्यांना कठडा हवा. बाग दुपारी बंद नको. सकाळी अकरा ते चार या वेळात शहराला श्वास घेता येतो, लोकलमध्ये बसायला जागा मिळते, आणि नेमक्या त्याच वेळी बागांना कुलूप. कुलूप लावणाऱ्या माळीबुवांना विचारलं तर म्हणाले, 'जोडपी बसतात.' आम्ही म्हटलं, आम्हीही बसू. ते हसले, कुलूप लावलं.

या सगळ्याला एक आक्षेप आहे आणि तो मला माझ्याच स्वयंपाकघरात भेटला. माझ्याकडे कामाला येणारी बाई त्रेपन्न वर्षांची आहे. सहा घरं करते. तिला बुधवार सकाळ नाही, शुक्रवारही नाही. तुमच्या फेऱ्या म्हणजे पेन्शनवाल्यांचे लाड, असं कुणी म्हटलं तर मला पूर्ण उत्तर देता येणार नाही. तिला एकदा चल म्हटलं. ती म्हणाली, 'ताई, माझ्या गाडीत आम्ही अकरा जणी असतो दिवा स्टेशनापासून.' म्हणजे मैत्रिणी तिच्याकडे आहेत, माझ्याहून जास्त. तिला कमी आहे ती सुट्टी. आणि गुडघे थकून कामं सुटतील तेव्हा त्या अकरा जणींपैकी किती उरतील, हा माझाच प्रश्न तिच्याही वाटेवर उभा आहे, तोही पेन्शनशिवाय. सध्या मी तिला महिन्यात दोन बुधवार भरपगारी देते. पहिल्या बुधवारी ती झोपली. दुसऱ्याही.

फेऱ्यांत सगळं गोडच असतं असं नाही. एक बाई चहाचे पैसे कधीच काढत नाही. एक बोलायला लागली की कल्याण येतं तरी थांबत नाही. एकदा देवळात कुणाच्या डब्यात अंडं निघालं त्यावरून दोन बुधवार दोघी आल्या नाहीत. पण लोकलच्या डब्यातही हेच होतं. डब्यात तर मी एकीशी खिडकीवरून चार महिने अबोला धरला होता. तरी दुसऱ्या दिवशी गाडी तीच होती, म्हणून अबोला संपला. पुन्हा भेटणं टाळता येत नसलं की भांडणाला फार दिवस टिकता येत नाही.

मागच्या महिन्यात अंबरनाथहून परत येत होतो. दुपारची साडेबाराची वेळ, गाडी रिकामी असायला हवी होती, पण कुठल्या तरी कॉलेजची परीक्षा सुटली असावी, उल्हासनगरला मुली भसाभस चढल्या. आम्ही तिघी एका बाकावर होतो; लोकलचा बाक तिघींचाच, चौथीला सरकून जागा करावी लागते. मुख्याध्यापिका बाई विठ्ठलवाडीपर्यंत दांडीला धरून उभ्या. सोळा महिने आम्ही भेटतोय. त्यांनी आम्हाला 'आपण' सोडलेलं नाही, आणि त्यांना अगं म्हणायचं धैर्य आमच्यात नाही. मी उठायला लागले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं, त्याच खांद्यावर, पर्स मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, 'उठतेस कशाला, सरक ना जरा.'

मी सरकले.